चार फुटांचं ऊन

व्हार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो,
तो जानेवारीत कधीतरी उगवतो.
त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या सिंद्रेनं
बोटीवरून उतरवून आणला बुटांचा खोका.
आत गरम पाण्याची बाटली, लोकरी मोजा,
मोज्यात दोन दाढीवाले सरडे,
दाढी अजून फुटायची होती.

त्याची आई टोरुन्न, खेकड्यांच्या कारखान्यात.
जिन्यात थांबून म्हणाली, "आस्लाक,
चाळीस वर्षं ट्रॉलरवर दिवे जोडलेस.
एक वाळवंट जोडून देशील?"

दिलं.
चार फूट लांब, दोन खोल, वर जाळी, हवा खेळावी म्हणून.
या टोकाला दिवा, दिव्याखाली चपटा दगड,
दगडावर चाळीस अंश.
त्या टोकाला पंचवीस, आणि सावलीला एक फुटकी कुंडी, आडवी.
"सगळीकडे सारखी ऊब का नाही?"
अरे, ऊन नकोसं झालं की उठून जाता आलं पाहिजे.
उठून जाता येत नाही ते घर नव्हे, ती चूल.

वाळू मात्र दिली नाही.
पिल्लं किड्यासोबत वाळू गिळतात, आतडं तुंबतं.
म्हणून आमचं वाळवंट वर्तमानपत्रावर वसलं,
कॉडच्या भावावर, कुणाच्या तरी मृत्युलेखावर,
रोज नव्या.

मग ती लांब नळी, अतिनील किरणांची.
तिच्या आणि त्यांच्या मध्ये काच चालत नाही.
काच उजेड सोडते,
हाडांना लागतं नेमकं तेवढंच अडवते.
ऊन खाणं म्हणतात ते इथं अक्षरशः:
ऊन, वर चिमूटभर कॅल्शियमची भुकटी, की हाड.
सातला दिवा लागणार, रात्री आठला विझणार.
आमचा दिवस हरवला असला तरी त्यांचा हरवू नये.

रातकिडे दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत.
सिंद्रे मोजपट्टी घेऊन बसला, तेवढ्यात एक निसटला
आणि टोरुन्नच्या फ्रीजमागे आठवडाभर गायला.
बाहेर उणे नऊ.
कुणीच त्याला पकडायला गेलं नाही.

दहाव्या दिवशी पोरगा धावत खाली:
"मला टाटा करतोय!"
गेलो. दगडावर थोरला धाकट्याच्या डोक्यावर चढून बसलेला,
धाकटा डोळे मिटून
एक हात हवेत हळूहळू फिरवत होता.
टोरुन्न म्हणाली, "माया बघ किती."
मीही तेच म्हणालो असतो,
पण मी पाच भावांतला शेवटचा, एकाच खाटेवर वाढलेला.
तो टाटा नव्हता.
हात टेकायला जागा उरली नाही की हात असा फिरतो.

तरी मी दोन दिवस गप्प बसलो.
तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या मागच्या पायाचं एक बोट नव्हतं.

दुसरी पेटी जुन्या केबिनच्या दारातून कापली.
ती माझ्याकडे, खाली.
आता कामावरून सुटली की टोरुन्न
खेकड्याचा वास धुऊन माझ्या स्टुलावर येऊन बसते,
बोलत नाही, दिव्याकडे तोंड करून.
धाकटा दगडावर. एकटा. पोट पसरून, तोंड किंचित उघडं.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात,
हिणवून म्हणतात.
कुंपण कुणी घातलं, ते कुणी विचारत नाही.

काल किल्ल्यावर तोफ उडाली: सूर्य आला.
शाळा सुटली, सगळी गल्ली खिडक्यांशी.
धाकट्यानं एक डोळा उघडला,
काचेतून आलेला तो सोनेरी पट्टा पाहिला,
आणि मिटला.

मी वहीत नळीची तारीख लिहिली.
सहा महिन्यांनी बदलायची,
जळताना दिसत असली तरी.
ऊन आधी संपतं,
उजेड नंतरही बराच काळ दिसत राहतो.